शंकेची चाकं

पुतणी: चहाचं नंतर बघू, काका. आधी इकडे उजेडात या. हा ठिपका कसला?

काका: कुठला?

पुतणी: हा. फुटलेल्या चाकाचा तुकडा आहे, आपली चाकं विकणाऱ्या कंपनीने पुडीत बांधून पाठवलाय. लेबलवर बघा, भोकाच्या कडेला.

काका: शाई लागली असेल.

पुतणी: आपली शाई निळी. ही पेन्सिल आहे. आणि अख्ख्या कारखान्यात पेन्सिल एकाच माणसाच्या कानामागे खोचलेली असते.

काका: मग मला कशाला विचारतेस?

पुतणी: कारण अकरा वाजता साहेब येतोय. आपलं चाक ग्राइंडरवर फिरता फिरता फुटलं, एका माणसाचा डोळा गेला. नऊ दिवस झाले. ते का फुटलं ते लिहून घ्यायला कंपनीने माणूस पाठवलाय. त्याने हा ठिपका बघून मला विचारलं, तर मी काय तोंड दाखवू? म्हणून सुट्टी असूनही तुम्हाला बोलावलं.

काका: उजवा डोळा.

पुतणी: काय?

काका: उजवा डोळा गेला त्याचा. फाटकं आणि खिडक्यांचे गज बनवतो. डाव्याने दिसतं म्हणाला, पण अंतर कळत नाही. पाण्याचा पेला उचलायला गेला की हात पुढेच जातो. माझ्यासमोर दोनदा गेला.

पुतणी: तुम्ही तिकडे जाऊन आलात?

काका: गेलो होतो.

पुतणी: मी सगळ्यांना बजावलं होतं, काका! कुणी जायचं नाही, कुणी फोन करायचा नाही, जे बोलायचं ते मी बोलेन! आणि तुम्ही तर तापाने फणफणला होतात ना आठवडाभर? काकूंनी फोनवर सांगितलं मला.

काका: तिला खोटं बोलायची सवय नाही. मी म्हटलं, नुसतं ताप आलाय म्हण. तर ही बया स्वतःच खोकायला लागली.

पुतणी: तरीच! ताप तुम्हाला आणि खोकला काकूंना. मला वाटलं घरभर साथ पसरली.

काका: हसलीस. बरं वाटलं. नऊ दिवसांत पहिल्यांदा.

पुतणी: हसण्यावारी नेऊ नका. बसा इथे. हा कागद वाचा.

काका: चष्मा घरी राहिला.

पुतणी: मी वाचते. "वयोमानानुसार श्रवणशक्ती काही प्रमाणात कमी झाली आहे." खाली डॉक्टरांची सही, शिक्का.

काका: अच्छा. म्हणून नेलंस होय परवा. वाटेत सारखं म्हणत होतीस, काका, मोफत तपासणी आहे, काका, आजकाल सगळेच करतात. मोफत म्हटल्यावर मला कळायला हवं होतं. त्या पेटीत बसवलं, कानाला डबे लावले, पीं वाजलं की बटण दाब म्हणाले. मी तर सगळी बटणं दाबली.

पुतणी: डाव्या कानात बारीक आवाजाची दोन सुटली तुमची.

काका: माझ्या वयाच्या कुणालाही बसव, दोन सुटतीलच की.

पुतणी: म्हणूनच. यात काही खोटं नाही. डॉक्टरांनी लिहिलंय ते खरंच आहे.

काका: आणि तू त्याचं काय करणार?

पुतणी: नीट ऐका. चाक बनलं की तुम्ही ते वाजवता. सगळी मशीन बंद, कुणी शिंकायचं नाही. लाकडी हातोडीने टिचकी मारायची. खणखणीत वाजलं तर चांगलं. बद्द वाजलं तर आत तडा. बरोबर?

काका: हे तू मला शिकवतेस?

पुतणी: साहेबाला असंच सांगायचंय, म्हणून बोलून बघतेय. सगळी मदार तुमच्या कानावर. आता तो कान महिन्याभरापासून कमी ऐकतोय आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. महिन्याभराचा माल आपण परत मागवू. तपासायला यंत्र आणू. तुम्ही घरी विश्रांती घ्याल. त्याच्या फॉर्मवर एक चौकट असते, मूळ कारण. त्यात लिहायचं, तपासणाऱ्याची श्रवणशक्ती. झालं. कंपनी समजून घेते अशी गोष्ट. माणसाचं वय होतं, त्याला कोण काय करणार?

काका: मला ऐकू येतं, पोरी.

पुतणी: थोडं कमी येतं.

काका: ते चाक बद्द वाजलं होतं. मी ऐकलं होतं.

पुतणी: असं नका बोलू.

काका: पुरतं बद्द नव्हतं, कबूल आहे. खणखणीतही नव्हतं. मधलं. तुझा बाप त्याला शंकेचं चाक म्हणायचा. शंका आली की फोडायचं, ही त्याची रीत. बाजूला ठेवायचं नाही. बाजूला ठेवलेलं चाक नड आली की विकलं जातं, म्हणायचा. म्हणून तिथल्या तिथे घण घालायचा.

पुतणी: मग हे का नाही फोडलंत?

काका: तूच सांग.

पुतणी: मी काय सांगू! मी विचारतेय ना तुम्हाला? पस्तीस वर्षं फोडत आलात, मग हे एक का नाही फोडलंत?

काका: एक नाही.

पुतणी: किती?

काका: आधी ऐकून घे. मध्ये बोलू नकोस. तू तो तक्ता लावलास भिंतीवर, आठवतं? शंभरात किती बाद. चांगलं ते हिरवं, बाद ते लाल. पहिल्या महिन्यात शंभरात अकरा आलं आणि लाल पट्टा वर छताला टेकला. तू कुणाला काही बोलली नाहीस. बोलली असतीस तर बरं झालं असतं, मी भांडलो असतो. तू नुसती बघत उभी राहिलीस. त्या दिवशी डबा उघडलासुद्धा नाहीस, जसाच्या तसा घरी नेलास.

पुतणी: डबा?

काका: दोन दिवस. तिसऱ्या दिवशी म्हणालीस, काका, नव्या भट्टीसाठी तीन वर्षांची योजना लिहितेय, पण हा लाल रंग दिसला की पुढचं वाक्य सुचत नाही. हसत म्हणालीस. मी तुला अंगाखांद्यावर वाढवलंय, मला तुझं हसू कळत नाही? दुसऱ्या दिवशी दुपारी एक चाक मधलं वाजलं. घण उचलला. वर तक्ता दिसला. घण खाली ठेवला.

पुतणी: माझ्यासाठी?

काका: तुझ्यासाठी म्हणून तुझ्या गळ्यात नाही घालत मी. हात माझा होता. रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी ठरवलं, पुन्हा असं नाही. पण त्या आठवड्यात लाल जरा खाली आलं आणि तू सगळ्यांना चहा पाजलास. पहिलं चाक सोडताना तीनदा वाजवून बघितलं होतं. विसावं एकदाच वाजवलं आणि सोडलं. हे तुला सांगायची लाज वाटते, पण खरं आहे.

पुतणी: आणि ठिपका?

काका: ठिपका म्हणजे मनाची समजूत. म्हटलं, फोडत नाही तर निदान खूण तरी राहू दे. कधीतरी तुझी नवी भट्टी येईल, मग ही एकेक परत आणून फोडीन.

पुतणी: केव्हापासून चाललंय हे?

काका: आठ महिने.

पुतणी: आठ? काका, आठ महिन्यांपूर्वी तर... म्हणजे ते सगळेच आकडे...

काका: सगळेच.

पुतणी: शंभरात अकराचे सात झाले, सातचे चार, चारचे दोन. मी योजनेच्या पहिल्या पानावर छापलंय ते. बँकेला दाखवलं. कंपनीला दाखवलं. त्याच आकड्यावर त्यांनी आपल्याला पुरवठादारांच्या यादीत घेतलं. तुमचा सत्कार केला मी! सगळ्यांसमोर, शाल घालून! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, भट्टीवाल्याने शिटी मारली!

काका: ती शाल तुझ्या काकूने ट्रंकेत तळाशी घातली. मीच घाल म्हटलं. समोर दिसली की मी पानावरून उठायचो.

पुतणी: एकदा तरी सांगायचंत. एकदा!

काका: तू एकदा तरी विचारायचंस.

पुतणी: मला काय माहीत?

काका: तू शिकलेली आहेस, पोरी. माती तीच, भट्टी तीच, माणसं तीच. भट्टीच्या मागच्या भिंतीतून वाफ सुटते ती तशीच सुटतेय. मग अकराचे दोन कसे झाले? तुला एकदाही वाटलं नाही?

पुतणी: वाटलं.

काका: कधी?

पुतणी: चार झाले तेव्हा. योजना टाइप करत होते. मनात आलं, उठून जावं आणि काकांना विचारावं. तुम्ही समोरच बसला होतात, पेन्सिल कानाला लावून. मी उठलेही. मग बाटलीतून पाणी प्यायले आणि परत बसले. मला नव्हतं विचारायचं, काका. विचारलं असतं तर तुम्ही खरं सांगितलं असतंत.

काका: हं.

पुतणी: नवी भट्टी आली की तडे आपोआप थांबतील. पण नवी भट्टी मिळायला तडे आधी थांबलेले दाखवायला लागतात. मी काय करायला हवं होतं? जुन्या भट्टीत बाबांनी आयुष्य काढलं आणि काय उरलं? अकरा माणसं, गळकं छप्पर आणि कुणी दारात उभं करणार नाही असं नाव. मला बाबांचं नाव मोठं करायचं होतं.

काका: आधी कळस मग पाया झालं बघ आपलं. तुझी चूक म्हणत नाही. दोघांनी मिळून बांधलं.

पुतणी: दहा वाजून गेले. काका, मी पाया पडते तुमच्या. आता जे झालं ते झालं. झाकली मूठ सव्वा लाखाची. तुम्ही मला ऐकू आलं नाही एवढंच म्हणा. आठ महिने म्हटलं तर सगळा आकडा खोटा पडतो, मग कंपनी जाते, बँक जाते. भट्टीवाल्याचं गेल्या महिन्यातच लग्न ठरलंय. पॅकिंगवाल्या मावशींच्या घरात दुसरं कुणी कमावतं नाही. अकरा घरं आहेत.

काका: आणि बाहेर फिरताहेत त्या चाकांचं काय?

पुतणी: एका महिन्याची मागवतेय ना.

काका: बाकीच्या सात महिन्यांची?

पुतणी: एवढ्या दिवसांत फुटायची ती फुटली असती.

काका: हे जे फुटलं ते तीन आठवडे नुसतं पडून होतं. लेबलवर तारीख आहे. तो म्हणाला, कपाटात ठेवलं होतं, जुनं झिजल्यावर त्या दिवशी चढवलं. कुणाच्या कपाटात सात महिने पडलेलं असेल.

पुतणी: कपाटात? हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

काका: आता तुला आणखी एक सांगतो, ओरडू नकोस. आठवडाभर मी जवळपासची गिऱ्हाइकं फिरलो. ज्यांचे पत्ते तोंडपाठ होते ती. बसने. जायचं, रामराम करायचा, तुमची चाकं बघू म्हणायचं. ठिपक्याचं दिसलं की ते घ्यायचं आणि बदल्यात चांगलं द्यायचं. एकोणचाळीस आणली. खांद्याचा पार भुगा झाला.

पुतणी: म्हणजे गोदामातून चाकं कमी झाली ती... अहो, मी वॉचमनला चोर म्हटलं! हाकलून देईन म्हणाले!

काका: त्याची माफी माग. तो बिचारा मला दार उघडून द्यायचा आणि वर पिशवीही धरायचा. मीच म्हटलं होतं, कुणाला बोलू नकोस.

पुतणी: अरे देवा.

काका: पण लांबच्या गावांचे पत्ते माझ्याकडे नाहीत. ते तुझ्या कपाटातल्या वहीत. मला ती वही दे, मी तुझं सगळं ऐकतो. बहिरा म्हण, ठार बहिरा म्हण, वेडा म्हण. मान हलवीन.

पुतणी: खरंच म्हणाल?

काका: म्हणेन. मला आता नाव राखून काय करायचंय? वही दे, मी आणि तुझी काकू एकेक गाव करू. गुपचूप. तुझ्या कंपनीला पत्ता लागणार नाही.

पुतणी: गावं किती आहेत माहीत आहे का?

काका: असतील तेवढी.

पुतणी: दोन महिने लागतील.

काका: मग लवकर निघायला हवं. देतेस ना?

पुतणी: देते. आधी आजचं पार पडू दे. शपथ, देते.

काका: गेटवर कुणीतरी आलंय. मोटरसायकल थांबली.

पुतणी: मला नाही ऐकू आली.

काका: मला आली.

(साहेब आत येतो. हेल्मेट टेबलावर ठेवतो, बॅगेतून फॉर्म काढतो.)

साहेब: नमस्कार, मॅडम. सुट्टीच्या दिवशी त्रास दिला. हे काका का?

पुतणी: हो. माझे सख्खे काका. बाबांच्या वेळेपासून तपासणी हेच बघतात. फोनवर बोलले होते तुम्हाला, ते हेच.

साहेब: बरं, बरं. नमस्कार, काका! का-का! न-म-स्का-र!

काका: काय? जेवण? झालं, झालं.

साहेब: अरेरे. माझ्या वडिलांचंही असंच झालं होतं, मॅडम. आम्ही सगळे चिडायचो, मुद्दाम करतात म्हणायचो. नंतर कळलं. वाईट वाटतं ना?

पुतणी: हो. वाटतं.

साहेब: डॉक्टरांचा कागद आहे ना? छान. तारीख, शिक्का, सगळं आहे. तरी मला एक छोटी चाचणी घेऊन लिहावी लागेल. तशी चौकट आहे इथे, काय करणार. एखादं तडा गेलेलं चाक आहे का हाताशी?

पुतणी: ते कोपऱ्यात आहे. कालच भट्टीतून निघालं. डोळ्यांनाही तडा दिसतो.

साहेब: ही हातोडी का? मी काकांच्या मागे उभा राहून वाजवतो, म्हणजे त्यांना दिसणार नाही. आता बघा. अरे बापरे, हे तर मलाही कळलं. फुटक्या माठावर मारल्यासारखं. काका! हे! कसं! आहे!

काका: हे?

साहेब: हो! चाक! चांगलं! की वाईट!

काका: परत एकदा वाजवा.

साहेब: घ्या.

काका: खणखणीत आहे, साहेब.

साहेब: खणखणीत म्हणाले ना? लिहितो. काका, रडताय का? अहो, तुमची काही चूक नाही यात. मॅडम, सांगा ना त्यांना, वय झालं की व्हायचंच.

पुतणी: काका, डोळे पुसा.

साहेब: तुम्ही हळू बोललात, त्यांना कसं कळेल? असो, त्यांचं ते पुसताहेत. चला, आवरू या. मूळ कारण, तपासणाऱ्याची श्रवणशक्ती. उपाय, यंत्र. परत मागवायचा माल, गेल्या महिन्याभराचा. आता फक्त शेवटची ओळ, तिथे तुमची सही लागेल. वाचून दाखवू?

पुतणी: वाचा.

साहेब: "याआधी पुरवलेला सर्व माल तपासलेला व वापरास सुरक्षित आहे, याची मी खात्री देते." इथे, खालच्या रेघेवर.

पुतणी: सर्व माल?

साहेब: म्हणजे महिन्याआधीचा. तुमचे आकडे उत्तमच आहेत, शंभरात दोन. ही नुसती नेहमीची ओळ आहे. पेन देऊ का?

पुतणी: आहे माझ्याकडे.

साहेब: काय झालं? तारीख मी घालतो हवी तर.

पुतणी: साहेब, पस्तीस वर्षांत या माणसाने फुटक्या चाकाला चांगलं म्हटलेलं कुणी ऐकलं नव्हतं. माझे बाबा म्हणाले तरी म्हटलं नसतं. आज म्हणाले. मी म्हणायला लावलं.

साहेब: मला कळलं नाही, मॅडम.

पुतणी: ते बहिरे नाहीत. तुमची मोटरसायकल गेटवर थांबली ती माझ्याआधी त्यांना कळली.

काका: पोरी, गप्प बस. साहेब, हिची झोप झालेली नाही. मला काही ऐकू येत नाही.

साहेब: काका, मग हे कसं ऐकू आलं? मी तर ओरडलो नाही. त्या बोलल्या, तेही हळू.

पुतणी: शंभरात दोन हा आकडा खोटा आहे. अकराच आहेत. मी तक्ता लावला, मला अकरा बघवत नव्हते, म्हणून त्यांनी शंकेची चाकं फोडायची सोडून दिली. आठ महिने. त्यांनी सोडली आणि मी विचारलं नाही. माझ्या मनात आलं होतं, तरी विचारलं नाही. हे दोन्ही लिहा.

साहेब: मॅडम, जरा थांबा. तुम्ही आत्ता बोललात ते मी अजून लिहिलेलं नाही. तुम्ही आत जा, तोंडावर पाणी मारा, चहा घ्या. मी इथेच बसतो. परत आलात की ठरवू कुठून सुरू करायचं. हे जर मी लिहिलं, तर तुमचं नाव यादीतून जातं. ते थांबवणं माझ्या हातात नाही.

पुतणी: ठाऊक आहे.

साहेब: बँकेलाही कळवावं लागेल. तशी अटच आहे.

पुतणी: तेही ठाऊक आहे. मीच वाचून सही केली होती.

साहेब: तुमची माणसं...

पुतणी: अकरा. उद्या सकाळी मी सांगेन त्यांना. काय शब्दात सांगायचं ते मला अजून सुचलेलं नाही. पण त्या ओळीवर मी सही नाही करू शकत, साहेब.

काका: अगं, आपलं ठरलं होतं ना? मी आणि काकू एकेक गाव करणार होतो.

पुतणी: दोन महिने, काका. दोन महिने ती चाकं फिरत राहणार आणि तुम्ही पिशवी खांद्याला लावून बसची वाट बघणार. नाही.

काका: तुझ्या बापाचं नाव जाईल, पोरी.

पुतणी: गेलंय ते. मला उशिरा कळलं, एवढंच. तुम्ही रडू नका ना. मला सहन होत नाही. तुम्हाला बहिरं करायला निघाले होते मी. तुम्हाला!

काका: ये इकडे. अशी ये. लहानपणीही तू अशीच रडायचीस, आधी सगळं सांगून टाकायचं आणि मग भोकाड पसरायचं.

साहेब: काका.

काका: बोला.

साहेब: मी हळूच बोलतोय. चालेल ना?

काका: चालेल, साहेब. मला सगळं ऐकू येतं.

साहेब: किती चाकं असतील?

काका: तीनशे सव्वीस. प्रत्येकावर ठिपका आहे, भोकाच्या कडेला. एक फुटलं. एकोणचाळीस मी आणली. दोनशे शहाऐंशी बाहेर आहेत. त्यातली काही झिजून संपली असतील, पण किती ते मी सांगू शकत नाही.

साहेब: आणि त्यातलं फुटणार कुठलं?

काका: ते कळत असतं तर त्याला शंकेचं चाक कशाला म्हटलं असतं? त्यातली दोनशे कदाचित आयुष्यभर नीट चालतील. ऐंशी चालणार नाहीत. कुठली ऐंशी, ते मला नाही कळत, तुमच्या यंत्रालाही कळायचं नाही. म्हणून फोडायची असतात.

साहेब: लिहितो. मॅडम, गिऱ्हाइकांची यादी लागेल. कंपनीतून पत्रं जातील, पण पत्राला आठवडा लागतो.

पुतणी: वही कपाटात आहे. किल्ली माझ्याकडेच आहे. काका, तुम्ही नंबर वाचा, मी फोन लावते.

काका: चष्मा नाही माझ्याकडे.

साहेब: माझा घ्या. नाहीतर मीच वाचतो. लांबच्यापासून सुरू करू? हा घ्या पहिला.

पुतणी: सांगा. हं. हं. वाजतोय.

काका: सावकाश बोल. घाबरवू नकोस कुणाला.

पुतणी: हॅलो? हो, चाकांच्या कारखान्यातून बोलतेय. नाही, ऑर्डरसाठी नाही. जरा मोठ्याने बोला, तुमच्याकडे फार आवाज येतोय. ते ग्राइंडर चालू आहे का? कोण आहे त्यावर? तुमचे भाऊ? त्यांना म्हणावं, मशीन बंद करा आणि बाजूला व्हा. का ते सांगते, आधी बंद करा. नाही, तुम्ही जा, सांगून या. मी फोन धरून थांबते.